रात्री अकराला ट्यूब ॲम्प : कॅब सिम्युलेटर पहिल्यांदा जोडताना

माझं पहिलं डिस्टॉर्शन पेडल घरी आणलं तेव्हा ते मी थेट ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, लावलं आणि हेडफोन चढवले. कानाशी डास घोंघावावा तसा आवाज आला. पातळ, चरचरीत, दोन मिनिटांत डोकं धरायला लावणारा. पेडल खराब निघालं असं समजून दुसऱ्या दिवशी दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने काही न बोलता तेच पेडल तिथल्या एका छोट्या ॲम्पला जोडलं आणि गिटार माझ्या हातात दिली. तोच रिफ भरदार, गोलसर वाजला. पेडलमध्ये खोट नव्हती. माझ्या घरच्या जोडणीत गिटारचा स्पीकर नव्हता, एवढंच.

गिटारचा स्पीकर म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. बहुतेकदा १२ इंची, कागदी कोनाचा, ट्वीटर नसलेला. साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात तो नीट वाजतो आणि त्यापुढे आवाज झपकन खाली येतो. डिस्टॉर्शनमुळे वरच्या पट्टीत जी किरकिर तयार होते, ती हा स्पीकर चहाच्या गाळणीसारखी अडवतो. आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो तो गाळून खाली उतरलेला आवाज असतो.

गाळणी एकटा स्पीकरच नसतो. त्याची पेटी, म्हणजे कॅब, आपला रंग देते. मागून बंद असलेली चार स्पीकरची कॅब खालचे सूर छातीवर आदळवते, तर मागून उघडी कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेली, मोकळी आणि हवेशीर वाजते. रेकॉर्डिंगमध्ये त्यापुढे मायक्रोफोनही येतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ साली आलेला माइक आजही जगभर गिटार ॲम्पसमोर लावला जातो, आणि तोही आवाज आपल्या परीने बदलतो. कॅब सिम्युलेटर या तिघांची जागा घेतो : स्पीकर, पेटी आणि माइक. पुढची प्रत्येक पायरी या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून ते डोक्यात पक्कं बसू द्या.

सिम्युलेटर आतून काय करतो

जुन्या पद्धतीत हे काम इलेक्ट्रॉनिक फिल्टर करतो. ह्यूज अँड केटनरचा रेड बॉक्स किंवा पामरचे डीआय बॉक्स (सिग्नल थेट मिक्सरला देणारे डबे) या घराण्यातले. एक-दोन स्विच असतात, आवाज ठरावीक असतो, पण विलंब शून्य आणि भरवसा मोठा.

नवी पद्धत इम्पल्स रिस्पॉन्सची. सगळे त्याला आयआर म्हणतात. खऱ्या कॅबमधून खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवतात, समोरच्या माइकने तो टिपतात आणि गणिताने त्यातून त्या कॅबचा ठसा काढतात. हा ठसा म्हणजे एक छोटीशी वेव्ह फाइल. ४८ किलोहर्ट्झवर २,०४८ सॅम्पलची फाइल जेमतेम ४३ मिलिसेकंदांची असते, आणि तेवढ्यात कॅबचा जवळजवळ सगळा स्वभाव मावतो. तुमच्या गिटारचा सिग्नल या फाइलमधून गाळला की ती कॅब तिथे असल्यासारखं ऐकू येतं.

मर्यादाही माहीत असू द्या. आयआर हा फोटो आहे. जोरात वाजवल्यावर खरा स्पीकर थोडा फाटतो, दबतो. फोटोत ते येत नाही. आणि एका फाइलमध्ये एकच माइक एकाच जागी असतो. माइक इंचभर सरकवायचा तर फाइल बदलावी लागते.

पहिली पायरी : ॲम्प ट्यूबचा आहे का ते बघा

इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण पुढच्या सगळ्या चुका सुधारता येतात, ही मात्र हजारो रुपयांना पडते.

ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, स्पीकर किंवा स्पीकरच्या जागी बसणारा लोडबॉक्स जोडल्याशिवाय वाजवायचा नाही. ट्यूब आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ट्यूब त्यात ऊर्जा ढकलतात आणि स्पीकर ती पलीकडून ओढून घेतो. पलीकडे काहीच जोडलेलं नसेल तर ऊर्जेला वाट मिळत नाही, आणि ट्यूबच्या बाजूला व्होल्टेज इतकं उसळतं की सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन जळतं. शांत वाजवलं म्हणून धोका टळत नाही, फक्त कमी होतो. ट्रान्झिस्टरचे ॲम्प या बाबतीत बहुधा सोशिक असतात. त्यातले बरेचसे स्पीकरशिवाय चालू राहिले तरी काही होत नाही, पण त्यांच्या आउटपुटला शॉर्ट अजिबात चालत नाही. मॅन्युअल एकदा वाचाच.

आता नव्या लोकांचा सर्वांत मोठा गोंधळ. कॅब सिम्युलेटर आणि लोडबॉक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. लोडबॉक्स ॲम्पची ताकद पोटात घेऊन तिची उष्णता करतो. सिम्युलेटर आवाज गाळतो. टू नोट्सचा कॅप्टर किंवा युनिव्हर्सल ऑडिओचा ऑक्स यांसारख्या काही डब्यांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात, म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. पण पेडलच्या आकाराचा साधा आयआर लोडर, म्हणजे नुसत्या आयआर फाइल्स चालवणारा डबा, ॲम्पच्या स्पीकर आउटला लावलात तर पेडल जाईल, आणि ॲम्पला लोड न मिळाल्यामुळे तोही जाऊ शकतो. आकडे बघा : ५० वॉटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला २० व्होल्ट देतो. स्टुडिओतला लाइन सिग्नल साधारण १.२३ व्होल्टचा असतो. म्हणून स्पीकर आउटची वायर इंटरफेस, मिक्सर किंवा पेडल यांपैकी कशालाही थेट जात नाही. काही डीआय बॉक्स ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून सिग्नल घेतात, ते चालतं, पण पुढे स्पीकर जोडलेला असावा लागतो.

लोडबॉक्स घेताना तीन गोष्टी बघा. ओहम जुळले पाहिजेत, म्हणजे ॲम्पच्या ८ ओहमच्या भोकाला ८ ओहमचाच लोड. वॉट ऐसपैस हवेत, कारण पूर्ण उघडलेला ट्यूब ॲम्प पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त देतो. ५० वॉटच्या ॲम्पला १०० वॉटचा लोडबॉक्स घ्या. तिसरी गोष्ट, लोड नुसता रेझिस्टिव्ह आहे की रिॲक्टिव्ह. खऱ्या ८ ओहम स्पीकरचा ओहम सगळ्या सुरांना ८ नसतो. खालच्या अनुनादाजवळ तो कित्येक पटींनी चढतो आणि वरच्या पट्टीतही हळूहळू वाढतो. ट्यूब ॲम्पला हा चढउतार जाणवतो आणि तो त्याप्रमाणे वागतो. रिॲक्टिव्ह लोड हा चढउतार नकलतो, म्हणून बोटांखाली ॲम्प जिवंत वाटतो. रेझिस्टिव्ह लोडवर तोच ॲम्प थोडा सपाट लागतो. ऐपत असेल तर रिॲक्टिव्हच घ्या. इथे वाचवलेले पैसे पुढे रोज खटकतात.

ॲम्प ते लोडबॉक्स या टप्प्याला स्पीकर केबल लागते, गिटारची नाही. दोन्हींचे जॅक अगदी सारखे दिसतात, पण गिटार केबलची आतली तार बारीक असते आणि एवढा करंट वाहून न्यायला ती बनलेली नसते. माझ्या स्पीकर केबलला दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळलेली आहे. तुम्हीही कुठलीतरी खूण करा.

दुसरी पायरी : सिग्नल कुठल्या दारातून घ्यायचा

ॲम्पमधून सिग्नल बाहेर पडायची दारं साधारण तीन.

स्पीकर आउटमधून, लोडबॉक्समार्गे घेतलात तर ॲम्प पूर्ण मिळतो. पॉवर ट्यूबचं तापणं, ट्रान्सफॉर्मरचं दबणं, सगळं. ट्यूब ॲम्प घेण्यामागचं कारणच ते असेल तर हाच रस्ता.

इफेक्ट सेंडमधून, म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडायला ॲम्पच्या मागे दिलेल्या भोकातून, घेतलात तर फक्त प्रीॲम्प मिळतो, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीचा, टोन घडवणारा भाग. सेंडमधून गिटारच्या साध्या केबलने सिम्युलेटरमध्ये, तिथून इंटरफेसमध्ये. लोडबॉक्सचा खर्च वाचतो. हाय-गेन, म्हणजे खूप डिस्टॉर्शन लावून, वाजवणाऱ्यांचा बराचसा आवाज प्रीॲम्पमध्येच तयार होतो, त्यामुळे त्यांना यात फार गमावल्यासारखं वाटत नाही. बऱ्याच ॲम्पमध्ये मास्टर व्हॉल्यूम सेंडच्या नंतर असतो, तिथे तो शून्यावर ठेवला की स्पीकर गप्प राहतो. पण स्पीकर जोडलेलाच ठेवायचा. ट्यूबचा नियम इथेही तोच.

तिसरं दार म्हणजे ॲम्पवरच लाइन आउट किंवा हेडफोन असं लिहिलेलं भोक. त्यात बऱ्याचदा सिम्युलेटर आधीच बसवलेला असतो. तो आहे की नाही, आणि ते वापरताना स्पीकर काढला तर चालतो का, या दोन प्रश्नांची उत्तरं मॅन्युअलमध्ये शोधा.

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने सेंडपासून सुरुवात करावी. महिनाभर कान तयार होऊ द्या, मग लोडबॉक्सला पैसे घाला.

तिसरी पायरी : जोडणी, ॲम्प बंद असताना

लोडबॉक्सचा रस्ता धरून सांगतो. ॲम्पचा स्विच बंद. कॉम्बो असेल तर मागे स्पीकरचा जॅक असतो, तो काढा आणि त्याच भोकात लोडबॉक्सची स्पीकर केबल घाला, पूर्ण आत बसेपर्यंत. लोडबॉक्सच्या लाइन आउटमधून केबल इंटरफेसच्या लाइन इनपुटला. इंटरफेसवर इनपुटचा स्विच लाइनवर ठेवा, गिटारच्या चिन्हावर नको. ४८ व्होल्टचं फँटम बटण (माइकला वीज देणारं) तुमच्या डब्याला लागत नसेल तर बंद. इंटरफेसचा गेन तळाला. मग ॲम्प चालू करा, ट्यूब गरम होऊ द्या, आणि नेहमी वाजवता त्यापेक्षा जोरात वाजवत गेन हळूहळू चढवा. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळला पाहिजे. लाल दिवा लागला तर मागे या. डिजिटलमध्ये फाटलेला आवाज ट्यूबच्या फाटण्यासारखा गोड नसतो.

लोडबॉक्स तापणार. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, त्यावरून ५० वॉट डब्यात मुरतात म्हणजे काय ते समजा. गादीवर किंवा ॲम्पवरच्या कापडावर तो ठेवू नका. आजूबाजूला हवा खेळली पाहिजे.

सिम्युलेटर कॉम्प्युटरमध्येच चालवायचा असेल तर इग्नाइट ॲम्प्सचा नॅडआयआर हा प्लगइन फुकट मिळतो आणि सुरुवातीला पुरतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी उचलतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर तो एका दिशेने २.७ मिलिसेकंदांचा होतो, आणि जाऊन येऊन सगळं धरून दहाच्या आत राहिलं तर बोटांना अडत नाही. खऱ्या ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज कानापर्यंत यायला जवळपास ९ मिलिसेकंद लागतातच.

चौथी पायरी : आयआर निवडणं

इथे लोक आठवडे घालवतात. पाचशे फाइल्सचा गठ्ठा उतरवतात, प्रत्येक दहा सेकंद ऐकतात, शेवटी कान बधिर होतात आणि गिटार वाजवायची राहून जाते. माझं कळकळीचं सांगणं आहे की तीनच फाइल्स घ्या. एक मागून बंद चार-बारा (चार १२ इंची स्पीकरची) कॅब, सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकरची. १९८६ पासूनचा हा स्पीकर मधल्या पट्टीत धारदार आहे, रॉक आणि मेटलमध्ये सगळीकडे ऐकू येतो. दुसरी ग्रीनबॅक स्पीकरची, जरा मऊ आणि खडबडीत. तिसरी मागून उघड्या कॉम्बोची, क्लीन वाजवायला. सेलेस्टियन कंपनी स्वतःच आपल्या स्पीकरचे आयआर विकते, त्यामुळे सुरुवात तिथूनही करता येईल.

फाइलच्या नावातल्या खुणा वाचायला शिका. ५७ म्हणजे एसएम५७ माइक, १२१ म्हणजे रॉयरचा रिबन माइक, ४२१ म्हणजे सेनहायझर. कॅप म्हणजे माइक कोनाच्या मधोमध असलेल्या टोपीसमोर, तिथे आवाज सर्वांत चकचकीत. एज म्हणजे कडेला, तिथे तो गडद होतो. माइक मागे नेला की खालचे सूर हलके होतात. म्हणून आवाज बोचरा वाटला तर आधी इक्वलायझरकडे धावू नका, कडेच्या माइकची फाइल लावून बघा. दहापैकी नऊदा त्यानेच काम होतं.

तुलना करताना तिन्ही फाइल्सची पातळी सारखी करा. जी फाइल थोडी मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते, हा कानाचा धर्म आहे. आणि ॲम्पची बटणं डोळ्यांनी नाही, कानांनी लावा. खोलीतल्या कॅबसाठी लावलेला ट्रेबल इथे जास्त होईल, कारण खोलीत कॅब तुमच्या गुडघ्यांकडे वाजत होती आणि आता माइक तिच्या तोंडाशी आहे. सगळ्यांना पहिल्या दिवशी आवाज कोरडा, अंगावर आल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने. सिम्युलेटर तुमच्या खोलीतला ॲम्प देत नाही, स्टुडिओच्या काचेपलीकडे ऐकू येणारा ॲम्प देतो. ही सवय व्हायला चारपाच दिवस लागतात. तोवर सिग्नल कॅबमधून गेल्यानंतर किंचित रूम रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) घाला. रिव्हर्ब कॅबच्या आधी नको, नंतरच.

मग दोन छोटे काप. खाली ८० ते १०० हर्ट्झपर्यंत, वर ७ किलोहर्ट्झच्या आसपास. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, त्याखाली जे काही आहे ती घरघर आहे आणि बासवाल्याची जागा आहे.

आणखी एक. टोन रात्री अगदी हळू आवाजात ठरवू नका. हळू ऐकताना कान खालचे सूर कमी पकडतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं आहे. रात्री हळू आवाजात लावलेला गुबगुबीत टोन दुसऱ्या दिवशी रिहर्सलला चिखल होतो.

दोन आयआर मिसळायचा मोह थोडा थांबवा. दोन माइकमध्ये इंचाचा फरक असला तर आवाज ०.०७ मिलिसेकंदांनी मागेपुढे पोचतो, आणि काही सूर एकमेकांना खातात. आवाज पोकळ झाला तर कारण हेच.

पाचवी पायरी : पुढे काय जोडायचं

हेडफोन, स्टुडिओ मॉनिटर, पीए (सभागृहाचे स्पीकर), किंवा सपाट वाजणारा पॉवर्ड स्पीकर. दुसरा गिटार ॲम्प किंवा गिटारची कॅब नाही. सिम्युलेटरने एकदा गाळलेला आवाज गिटारच्या स्पीकरमधून पुन्हा गाळला की अंगावर गोधडी ओढून कोणी बोलावं तसं ऐकू येतं. रस्त्यात कॅब एकदाच. दुसरी कॅब लपून बसलेली असते बरेचदा : ॲम्पच्या हेडफोन आउटमध्ये, मल्टी-इफेक्टच्या आतल्या पॅचमध्ये, प्लगइनमध्ये. आवाज दबलेला वाटला तर गिटारपासून कानापर्यंत बोट फिरवत जा आणि कॅब मोजा. एक भरली तर ठीक. शून्य असेल तर डास, दोन असतील तर गोधडी.

स्टेजवर, मग ते कॉलेजचं गॅदरिंग असो की ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, सिम्युलेटरची एक्सएलआर केबल थेट स्टेज बॉक्समध्ये द्या. साउंडवाल्या दादांना आधीच सांगा की हे गिटारचं डीआय आहे, कॅब आत आहे, चॅनेलचा इक्यू सपाट ठेवा. आधी सांगितलं की ते मनापासून मदत करतात, कारण त्यांच्या दृष्टीने स्टेजवरचा एक उघडा माइक कमी झालेला असतो. घूं आवाज आला तर डब्यावरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन मात्र कधीही तोडू नका, कोणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही. घरी लॅपटॉप चार्जरमुळे घूं येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा, बहुतेकदा तिथेच उत्तर मिळतं. आणि अमेरिकेतून कोणी ॲम्प आणला असेल तर तो १२० व्होल्टचा आहे का ते मागच्या पाटीवर वाचा. आपल्या भिंतीत २३० आहेत.

आता शीर्षकातल्या रात्री अकराबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. उघडलेला १५ वॉटचा ट्यूब ॲम्प पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दुपारीही शेजाऱ्यांना सोसत नाही. लोडबॉक्सवर तोच ॲम्प पूर्ण उघडला तरी खोलीत फक्त तारांची टिकटिक ऐकू येते. बाजूला झोपलेलं मूल उठत नाही, आणि तुमच्या कानात पॉवर ट्यूब गात असतात. मला हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी तीन वाजेपर्यंत वाजवत बसलो होतो.

अशा रात्रींसाठी एक सवय लावून घ्या. रेकॉर्ड करताना लोडबॉक्सचा कॅब न लावलेला सिग्नल ट्रॅकवर घ्या आणि आयआर प्लगइनमध्ये ठेवा. मग वाजवलेलं तेच राहतं आणि कॅब नंतर हवी तेव्हा, हव्या त्या आवाजाच्या पातळीवर बदलता येते.

झोपायला जाताना ॲम्प बंद करा, लोडबॉक्स गार होऊ द्या, स्पीकर केबल काढा, आणि कॉम्बोच्या स्पीकरचा जॅक त्याच वेळी परत त्याच्या भोकात बसवा. सकाळी रिहर्सलच्या घाईत ॲम्प चालू करणाऱ्याला तो निघालेला आहे हे दिसत नाही.